वाचकांचे प्रश्न : साहसकादंबऱ्यांच्या जुन्या आवृत्त्या

मागील अंकात जुन्या साहसकादंबऱ्यांच्या संग्रहाविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर खानदेशातून अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक पत्रे आली. काही पत्रांसोबत पुस्तकांची छायाचित्रे होती, तर काहींत घरातल्या पेटीत किंवा माळ्यावर सापडलेल्या प्रतींचे तपशीलवार वर्णन होते. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (भुसावळ) : आजोबा रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ची कॅसल कंपनीने छापलेली जुनी प्रत निघाली. आत १८८३ हे साल छापलेले आहे. ही पहिली आवृत्ती समजावी काय, आणि तिची किंमत किती येईल?

उत्तर : १८८३ हे साल पुस्तकात आहे एवढ्यावरून निर्णय करता येत नाही, ते नेमके कोणत्या ठिकाणी छापले आहे हे पाहावे लागते. ही कादंबरी प्रथम ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर १८८१ पासून जानेवारी १८८२ पर्यंत क्रमशः आली, तीही ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या टोपणनावाने. पुस्तकरूपाने ती लंडनच्या कॅसल कंपनीने नोव्हेंबर १८८३ मध्ये काढली आणि पुढे अनेक वर्षे तिची पुनर्मुद्रणे होत राहिली. पुनर्मुद्रणांत शीर्षकपानाच्या मागील बाजूस पहिल्या आवृत्तीचे साल आणि त्याखाली नंतरच्या मुद्रणांची यादी देण्याची पद्धत असे. म्हणून १८८३ हे साल शीर्षकपानाच्या समोरच्या बाजूस, तळाशी, प्रकाशकाच्या नावाखाली असेल तरच पुढची तपासणी करण्यात अर्थ आहे. ते केवळ मागील बाजूच्या यादीत असेल तर प्रत नंतरची आहे.

साल योग्य जागी आढळले, तर पुढे छपाईतल्या खुणा पाहाव्यात. पहिल्या छपाईत २ आणि ७ या पानांवर खलाशांच्या गाण्यातील ‘डेड मॅन्स चेस्ट’ हे शब्द लहान अक्षरांनी सुरू होतात, आणि १२७ व्या पानाच्या क्रमांकातला ७ हा आकडा उमटलेला नाही. या खुणा सर्व प्रतींत सारख्या आढळत नाहीत, कारण छपाई चालू असताना दुरुस्त्या होत गेल्या आणि जुने-नवे फर्मे (एकत्र छापलेल्या पानांचे ताव) एकाच बांधणीत मिसळले गेले. शेवटी प्रकाशकाच्या पुस्तकांची जाहिरातवजा यादी बांधलेली असल्यास तिच्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला संकेतांकही टिपून घ्यावा. त्यातून यादी कोणत्या महिन्यात छापली गेली ते समजते.

परंतु या सर्वांच्या आधी, पुस्तक उघडल्याबरोबर, नकाशा जागेवर आहे की नाही ते पाहावे. या पुस्तकात शीर्षकपानासमोर बेटाचा रंगीत नकाशा आहे आणि तो या कथेचे मूळच आहे. स्टीव्हन्सनने आधी नकाशा काढला आणि त्यातून त्याला गोष्ट सुचली. तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवताना हरवला, तेव्हा लिहून झालेल्या मजकुराशी ताडून पाहत, वडिलांच्या कचेरीत बसून, त्याला तो नव्याने तयार करावा लागला. ज्या प्रतीतून नकाशा फाडला गेला आहे, तिला पहिल्या छपाईची असूनही संग्राहक फारसे मोल देत नाहीत, आणि आमच्या मते ते रास्तच आहे.

किंमत सांगण्याचे आम्ही टाळतो. ती प्रतीच्या स्थितीवर इतकी अवलंबून असते की पुस्तक हातात घेतल्याशिवाय सांगितलेला आकडा दिशाभूल करतो. भारतात आढळणाऱ्या बहुतेक प्रती पुनर्मुद्रणाच्या असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. आपल्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे, की आतल्या कोऱ्या पानावर आजोबांचे नाव, स्थानकाचे नाव आणि पेन्सिलीने लिहिलेल्या काही गाड्यांच्या वेळा आहेत आणि त्या आपण खोडरबराने पुसून घेणार आहात. कृपया तसे करू नये. पुनर्मुद्रणाच्या प्रती जगभर पुष्कळ आहेत, पण भुसावळच्या एका गार्डाने गाडीच्या फेऱ्यांमधल्या वेळात वाचलेली प्रत ही एकच आहे.

प्रश्न (रावेर) : ज्यूल व्हर्नच्या एका कादंबरीत आपल्या खानदेशाचा उल्लेख असल्याचे ऐकले आहे. ते खरे आहे काय? असल्यास त्या कादंबरीची कोणती जुनी आवृत्ती मिळवावी?

उत्तर : पूर्णपणे खरे आहे, आणि ज्या भागातून तो प्रवास होतो त्याच भागातून हा प्रश्न आला याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो. ‘ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा’ ही कादंबरी १८७२ च्या अखेरीस पॅरिसच्या ‘ल तां’ या दैनिकात क्रमशः आली आणि १८७३ मध्ये प्रकाशक हेत्झेल यांनी ती पुस्तकरूपाने काढली. तिच्यातला नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी रात्री आठ वाजता मुंबईहून गाडीने निघतो, घाट चढून नाशिकवरून पुढे येतो आणि दुसऱ्या दिवशी खानदेशात प्रवेश करतो. सपाट, उत्तम मशागत केलेला, विखुरलेल्या खेड्यांचा आणि अनेक लहान नद्यांचा सुपीक प्रदेश असे व्हर्न आपल्या भागाचे वर्णन करतो. साडेबाराच्या सुमारास गाडी बऱ्हाणपूरला थांबते, तेथे फॉगचा नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो, आणि पुढे काही अंतर तापीच्या काठाने जात गाडी अशीरगडाकडे निघते.

व्हर्न स्वतः भारतात कधी आला नव्हता. प्रवासवर्णने, नकाशे आणि नियतकालिके यांच्या आधारे त्याने हे सर्व उभे केले. त्यामुळे खानदेशी वाचकाला काही गोष्टी तत्काळ खटकतात. येथील नद्या बहुतांशी गोदावरीला मिळतात असे तो लिहितो. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या तापीच्या उपनद्या आहेत हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. खेड्यांवर ‘पॅगोड्यांचे मिनार’ उठलेले दिसतात, असेही तो म्हणतो. ‘मिलिगाम’ म्हणून ज्या गावाचा उल्लेख येतो ते मालेगाव असावे, पण ही रेल्वे मालेगावावरून कधी गेलीच नाही. आणि ज्या चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, रावेर या गावांतून ती खरोखर जाते, त्यांची नावे कादंबरीत नाहीत. पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो, हा प्रसंग कथेसाठी रचलेला आहे. जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता १८७० मध्येच जोडली गेली होती.

आता आवृत्तीविषयी. हेत्झेल यांनी सोनेरी ठशांच्या कापडी बांधणीत काढलेले मोठ्या आकाराचे सचित्र ग्रंथ फ्रान्समध्ये संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहेत. त्यांच्या वेष्टनांवरील नक्षी ठरावीक काळाने बदलत असे, आणि नक्षीच्या नावानेच ते ओळखले जातात. दोन हत्तींचे वेष्टन त्यांपैकीच एक आहे. ते सुंदर आहेत, परंतु महाग आहेत आणि ते फ्रेंचमध्ये आहेत. रावेरमधील वाचकाने जॉर्ज टाउल यांच्या १८७३ च्या इंग्रजी भाषांतराचे एखादे जुने मुद्रण शोधावे, असे आम्ही सुचवतो. खानदेशाचा परिच्छेद त्यात आहे. ही सूचना करण्यास कारण आहे. व्हर्नच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांत मजकूर गाळण्याची खोड मोठी होती. समुद्राखालच्या प्रवासाच्या कादंबरीचे लुईस मर्सिए यांनी केलेले भाषांतर त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. म्हणून कोणतीही प्रत घेण्यापूर्वी अकरावे प्रकरण उघडून खानदेश आणि बऱ्हाणपूर शाबूत आहेत की नाहीत ते पाहावे. मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या प्रतींत हा भाग बहुधा पहिल्यांदा कापला जातो.

संग्रह याच धाग्याने वाढवायचा असल्यास व्हर्नची १८८० ची ‘वाफेवर चालणारे घर’ ही कादंबरीही पाहावी. तिचा प्रारंभ औरंगाबादेत होतो, नानासाहेब पेशवे तिच्यातले एक पात्र आहे, आणि वाफेच्या बळावर चालणारा लोखंडी हत्ती त्यात उत्तर हिंदुस्थानातून घर ओढत नेतो.

प्रश्न (चाळीसगाव) : मी शिक्षक आहे. दरमहा थोडी रक्कमच बाजूला काढू शकतो. पहिल्या आवृत्त्या आवाक्याबाहेरच्या असतील, तर संग्रहाला आरंभ कोठून करावा?

उत्तर : आपल्याकडे खरोखर आलेल्या आणि वाचल्या गेलेल्या आवृत्त्यांपासून करावा. लंडनमधील विक्रेत्यांच्या याद्या पाहून निराश होण्याचे काहीच कारण नाही. खानदेशातून मुंबईचा लोहमार्ग गेला, भुसावळला रेल्वेचे मोठे ठाणे झाले, आणि त्या मार्गाने जी पुस्तके आली त्यांचा एक स्वतंत्र इतिहास आहे. तो जमवण्यास पैशांहून चिकाटी अधिक लागते.

पहिला वर्ग वसाहतींसाठी काढलेल्या आवृत्त्यांचा. मॅकमिलन कंपनीने १८८६ पासून ‘कलोनियल लायब्ररी’ नावाची माला चालवली. तिच्यातल्या पुस्तकांवर ही आवृत्ती केवळ हिंदुस्थान आणि ब्रिटिश वसाहतींत विक्रीसाठी आहे अशा अर्थाची सूचना छापलेली असे. इतर प्रकाशकांनीही अशा माला काढल्या. इंग्लंडमधील संग्राहकांनी या प्रतींकडे दीर्घकाळ दुय्यम म्हणून पाहिले, म्हणून त्या अजूनही परवडतात. आमच्या दृष्टीने मात्र भारतीय संग्राहकासाठी त्याच पहिल्या मानाच्या आहेत.

दुसरा वर्ग रेल्वे स्थानकांवर विकल्या गेलेल्या पुस्तकांचा. अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने १८८८ मध्ये ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ ही माला सुरू केली. करड्या-हिरवट कागदी वेष्टनातली, एक रुपया किमतीची ही पुस्तके किपलिंगच्या कथांची होती, आणि वेष्टनावरची चित्रे त्याच्या वडिलांची, जॉन लॉकवुड किपलिंग यांची. दोन धाडसी फिरस्ते अफगाणिस्तानाकडच्या काफिरिस्तानात राज्य स्थापण्यास निघतात ती प्रसिद्ध कथा याच मालेत प्रथम पुस्तकरूपाने आली. पहिल्या छपाईच्या प्रती आज दुर्मिळ आणि महाग झाल्या आहेत, कारण प्रवासात वाचून टाकून देण्याजोग्या पुस्तकाचे कागदी वेष्टन कोण जपणार? नंतरची मुद्रणे मात्र अधूनमधून आढळतात. किपलिंगच्या ‘किम’ची (१९०१) मॅकमिलनची लाल कापडी प्रतही शोधावी, त्या काळच्या त्याच्या पुस्तकांवर कमळ धरलेले गजमुख आणि स्वस्तिक यांचा ठसा असे. जर्मनीत नाझींनी ते चिन्ह उचलल्यावर किपलिंगच्या पुस्तकांवरून स्वस्तिक काढून टाकण्यात आले, त्यामुळे ठशावरून प्रतीचा काळ ढोबळमानाने ठरवता येतो.

तिसरा वर्ग शाळांतून बक्षीस दिलेल्या पुस्तकांचा, आणि शिक्षक या नात्याने आपणांस तो जवळचा वाटेल. जी. ए. हेंटी यांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या ब्लॅकी कंपनीने रंगीत चित्रांच्या कापडी बांधणीत काढल्या. मराठ्यांच्या इंग्रजांशी झालेल्या युद्धावरची त्यांची ‘अॅट द पॉइंट ऑफ द बायोनेट’ ही कादंबरी १९०२ हे साल घालून प्रसिद्ध झाली, टिपूच्या काळावरची ‘द टायगर ऑफ मायसोर’ १८९६ ची. ब्लॅकीच्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर साल असते आणि नंतरच्या मुद्रणांत ते सहसा नसते, ही नवशिक्याला उपयोगी पडणारी सोपी खूण आहे. साम्राज्याची बाजू घेणारा हेंटीचा दृष्टिकोन आज स्वीकारता येण्यासारखा नाही, हे अर्थात वाचताना जाणवेलच. अशा पुस्तकांच्या आत शाळेचे नाव, इयत्ता आणि वर्ष लिहिलेली बक्षिसाची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिठ्ठी असलेली प्रत स्वच्छ प्रतीपेक्षा आपण अधिक पसंत करावी.

आणि मराठी पुस्तके विसरू नयेत. हरिभाऊ आपटे यांचा जन्म १८६४ मध्ये आपल्याच पारोळ्यात झाला. त्यांची ‘उषःकाल’ ही शिवकाळावरील कादंबरी ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकात १८९५ ते १८९७ या काळात क्रमशः आली. त्याआधीची ‘म्हैसूरचा वाघ’ ही कर्नल मेडोज टेलर यांच्या टिपूवरील कादंबरीच्या आधारे लिहिलेली आहे. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पुढच्या पिढीतल्या मुलांच्या रात्री जागवल्या. या पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या इंग्रजी पुस्तकांहून स्वस्त मिळतात आणि त्याहून वेगाने नष्ट होत आहेत. त्यांचे शीर्षकपान नीट वाचण्याची सवय लावावी. साल पुष्कळदा शकात दिलेले असते, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. ‘हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे’ अशा धर्तीची ओळ आढळते; त्यातील १८६७ हे कायद्याचे साल आहे, पुस्तकाचे नव्हे, आणि अनेक विक्रेते तेच साल सांगून जादा किंमत मागतात. आवृत्ती कितवी, प्रती किती काढल्या, छापखाना कोणता, टपाल हंशील निराळे की सहित, हे सारे एका वहीत टिपून ठेवावे.

शोध कोठे घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. मुंबईत फोर्टातले पदपथ आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आपणांस ठाऊक असेलच. पण प्रथम आपल्या गावातल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवावी आणि जाड पुठ्ठ्याची जुनी इंग्रजी पुस्तके वजनावर देण्यापूर्वी एकदा दाखवावीत, असे त्याला सांगून ठेवावे.

प्रश्न (धुळे) : माझ्याकडील रायडर हॅगार्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’च्या जुन्या प्रतीची पाने हात लावताच तुटतात, काही पानांना कसर लागली आहे. पाने सेलोटेपने जोडली तर चालतील काय? डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात काय?

उत्तर : दोन्ही करू नये. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो, पिवळा-तपकिरी डाग पडतो आणि वरची फीत गळून पडते. तो डाग काढणे तज्ज्ञालाही जड जाते. डांबराच्या गोळ्यांनी कीटक मरतीलच असे नाही, मात्र त्यांचा वास पुस्तकात वर्षानुवर्षे राहतो आणि बंद खोलीत तो माणसांनाही अपायकारक असतो.

पाने तुटण्याचे कारण कागदाच्या घडणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद रूढ झाला आणि शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी व राळ मिसळू लागले. त्यातून तयार होणारे आम्ल कागदाचे तंतू हळूहळू तोडते, आणि उष्णतेने ती क्रिया वेगावते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला लावलेले लोखंडी कपाट तर भट्टीसारखे तापते. म्हणून पुस्तके घरातील सर्वांत आतल्या, दोन्ही बाजूंनी सावलीत असलेल्या भिंतीपाशी ठेवावीत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे आणि जमिनीपासून वीतभर उंच असावे, म्हणजे वाळवीचा मागही दिसतो. कूलर त्या खोलीत लावू नये. कोरड्या उन्हाळ्यात अचानक ओल मिळाल्याने पुठ्ठे वाकतात आणि पावसाळ्यात बुरशीला वाव मिळतो.

कसर लागलेल्या पुस्तकासाठी घरच्या घरी करता येण्यासारखा एक चांगला उपाय आहे. पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून तोंड घट्ट बंद करावे आणि उणे १८ अंशांपर्यंत जाणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते. त्यानंतर मऊ ब्रशाने, बांधणीकडून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक पान झाडावे. चामड्याची बांधणी असलेले पुस्तक मात्र अशा प्रकारे ठेवण्यापूर्वी तज्ज्ञाला विचारावे.

तुटलेली पाने जोडण्याचे काम पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ यांनी करतात. ती दुरुस्ती पाण्याने पुन्हा सोडवता येते, हा तिचा मोठा गुण आहे. कामाला हात घालण्यापूर्वी धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जाऊन यावे. तेथील संग्रह पोथ्या-हस्तलिखितांचे आहेत, परंतु जुना कागद कसा हाताळावा आणि कसा ठेवावा हे तेथे प्रत्यक्ष पाहता येईल. तोपर्यंत पुस्तक आम्लविरहित कागदात गुंडाळून आडवे ठेवावे.

आपल्या प्रतीत घडीचा रंगीत नकाशा शिल्लक असल्याचे आपण लिहिले आहे. तो वारंवार उलगडू नये. आणि साल १८८५ असल्यास ३०७ वे पान जपून उघडावे. पहिल्या छपाईत तेथे ‘वर्ड’ या इंग्रजी शब्दाच्या अक्षरांची अदलाबदल झालेली आहे, तसेच १० व्या पानावर ‘बामांग्वाटो’ या नावातही चूक आहे. दोन्ही आढळल्यास पुस्तकाला आणखी काहीही न करता आम्हांला अवश्य कळवावे.

प्रश्न (अमळनेर) : जुने पुस्तक आमच्या येथील बाइंडरकडून नव्या रेक्झिनमध्ये बांधून घेतल्यास शोभा वाढेल काय?

उत्तर : शोभा वाढेल, पुस्तक जाईल. नव्या बांधणीसाठी पाने तिन्ही बाजूंनी कापली जातात, मूळचे चित्रमय वेष्टन, जाहिरातींची पाने आणि आतली कोरी पाने फेकली जातात, आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद मिसळलेले असल्यास त्याने कागदाचा नाश अधिकच लवकर होतो. शिलाई सुटली असेल तर पुस्तकाच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा करून घ्यावा. बाइंडरकडून तेवढे काम अवश्य करून घ्यावे. तो ते उत्तम करील.

प्रश्न (नंदुरबार) : रद्दीत घेतलेल्या एका जुन्या पुस्तकावर तालुक्यातील वाचनालयाचा शिक्का आहे. ते ठेवणे योग्य आहे काय?

उत्तर : प्रथम त्या शिक्क्याजवळ, दाखलांकाच्या (वाचनालयाच्या नोंदवहीतील क्रमांकाच्या) पानावर, ‘बाद’ किंवा निर्लेखित, म्हणजे संग्रहातून कमी, केल्याची नोंद आहे का पाहावे. वाचनालये जीर्ण पुस्तके रीतसर ठराव करून निर्लेखित करतात आणि ती विकतात. तशी नोंद असल्यास प्रत निःसंकोच ठेवावी आणि शिक्का खरवडू नये. नोंद नसल्यास दाखलांक घेऊन त्या वाचनालयात जावे आणि ग्रंथपालांना दाखलनोंदवही पाहण्याची विनंती करावी. पुस्तक त्यांच्या हिशेबी अजून चालू असेल तर ते परत करावे, आणि पुढील निर्लेखनाच्या वेळी आपणांस कळवावे, असा अर्ज त्याच वेळी देऊन ठेवावा. ग्रंथपाल असे अर्ज लक्षात ठेवतात.